१९७६च्या एमजीबीला क्रोमचे बंपर: पुनरुज्जीवन की वेषांतर?

टेम्सकाठ
ऑक्सफर्डजवळ राहतो. एमजीचा जुना कारखाना होता ते अबिंग्डन इथून पंधरा मिनिटांवर. शेजारच्या गावात एक एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजीची उघडी स्पोर्ट्स कार, विकायला निघालीय. १९७६ची, गडद हिरवी, काळा कापडी टप, तारांच्या आऱ्यांची चाकं. मालक साडेचौदा हजार पौंड सांगतोय. जाहिरातीत 'संपूर्ण पुनरुज्जीवित' लिहिलंय, आणि गाडीला पुढेमागे चकचकीत क्रोमचे बंपर आहेत.

१९७६ची एमजीबी कारखान्यातून क्रोमचे बंपर लावून निघतच नव्हती. अमेरिकेत ताशी ५ मैलांच्या धडकेत गाडीचं नुकसान होऊ नये असा नियम आला, आणि एमजीबीचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतच होतं. म्हणून १९७४च्या उत्तरार्धापासून सगळ्यांना ते जाड काळे रबरी बंपर आले. १९६२ची गाडी नवं मॉडेल न काढता १९८०पर्यंत कशी रेटली, ते त्या काळ्या नाकात दिसतं. ते कापून १९७१चा चेहरा लावायचा आणि त्याला पुनरुज्जीवन म्हणायचं, हे मला पटत नाही. गाडी जशी बनली तशी परत उभी करणं म्हणजे पुनरुज्जीवन. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मूळ नोंदींचा दाखला मिळतो, त्यात गाडी कधी बनली, रंग कोणता होता, सगळं असतं. त्या कागदाशी गाडी जुळायला हवी.

चौथा_गिअर
पूर्ण असहमत. माझ्याकडे १९७७ची आहे, मी स्वतः क्रोम करून घेतली आणि त्याचा मला अभिमान आहे.

तो रबरी बंपर कुणी हौसेनं बसवलेला नाही, कायद्यापायी चिकटवलाय. नुसता बंपर असता तर एक वेळ चाललं असतं. त्याच नियमांपायी गाडी सुमारे दीड इंच वर उचलली, आणि सुरुवातीला पुढचा अँटी-रोल बारही (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) काढून टाकला. वळणावर गाडी होडीसारखी कलायची. १९७७च्या मॉडेलला कारखान्यानंच पुढेमागे बार बसवले, म्हणजे चूक त्यांनाही कळली होती. मग कारखान्यानं अर्धी सुधारलेली चूक मी पुरती सुधारली तर बिघडलं काय?

आणि मूळ स्थितीचा एवढा आग्रह असेल तर शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी बदललेल्या व्हॉल्व्ह सीटही (इंजिनातल्या झडपांच्या बैठका) काढणार का? इथेनॉलमुळे बदललेल्या पेट्रोलच्या नळ्या?

टेम्सकाठ
व्हॉल्व्ह सीट बदलल्या नाहीत तर आजच्या पेट्रोलवर इंजिन झिजतं. तो बदल गाडी चालावी म्हणून आहे. बंपर बदलला तो गाडी दुसऱ्याच वर्षाची दिसावी म्हणून. तुम्ही तुमच्या गाडीचं काय करावं हे मी सांगणार नाही. पण विकताना 'क्रोम रूपांतर' हे दोन शब्द लिहायला नकोत का?

मेधा_लेस्टर
खोटं काय लिहिलंय त्यात? वर्ष १९७६ दिलंय, फोटोत क्रोम दिसतंय. दोन वर्षं पैसे साठवून अशी गाडी घेणाऱ्या माणसाला एवढं कळतंच. तुम्हालाही फोटोवरूनच कळलं ना?

पत्राकाम
तुम्ही तिघं गाडीच्या नाकावर भांडताय. दाराखाली वाका.

एमजीबीला वेगळी चासी नाही, आधीच्या एमजीएला होती. इथे पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो, आणि उघड्या गाडीला छताचा आधार नसल्यामुळे दोन्ही बाजूंच्या सिलवर, म्हणजे दारांखालच्या लांब पट्टीवर, सगळं अवलंबून असतं. सिल म्हणजे बाहेर दिसणारा एक पत्रा नव्हे. आतला सिल, मधला उभा पडदा, खालची रेल, आणि मग बाहेरचा. गंज आतून खातो. वरून नवा पत्रा चिकटवला, लांबी (पुट्टी) भरली, रंग मारला की गाडी फोटोत नवरीसारखी दिसते. माझ्या पहिल्या गाडीचं हेच झालं होतं. जॅक लावला तर दार बंद होईना, कारण गाडी मधोमध वाकत होती. बाहेरचा सिल कापला तर आत जुना सिल तसाच, भुसा झालेला. दोन हिवाळे त्यात गेले.

म्हणून चुंबक घेऊन जा, लांबी भरली असेल तिथे ते चिकटत नाही. दार आणि मागच्या पंखाच्या (मडगार्डच्या) मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. मग जॅक लावून पुन्हा बघा. कामाचे फोटो मागा, रंगाच्या आधीचे. फोटो नाहीत म्हणाला तर मी साडेचौदा देणार नाही. सांगाडा पूर्ण नवा असेल तर गोष्ट वेगळी, १९८८पासून मूळ साच्यांवरचे नवे सांगाडे मिळतात. पण तेवढा खर्च केलेला माणूस ते जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहितो.

क्रोमबद्दल एवढंच. रबरी बंपरच्या गाडीचा पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो आडवा तुळई) वेगळा असतो. नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकून नाक खाली आणलं असेल तर स्टिअरिंगची भूमिती बिघडते. गाडी खाली कशी आणली, ते विचारा.

चौथा_गिअर
बरोबर. मी क्रॉसमेंबर बदलला होता, पुढच्या पंखांचे खालचे कोपरेही कापून नवे जोडले. ते काम नीट झालंय का बघा, बंपर पाहून परत फिरू नका.

मेधा_लेस्टर
पत्राकाम यांचं वाचून माझं मत थोडं बदललं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला २०१८पासून इथे वार्षिक एमओटी (सरकारी सुरक्षा तपासणी) सक्तीची नाही, म्हणजे ते वेल्डिंग कुणीच तपासलं नसेल. बंपरचं नाही, पण सिलचं मात्र लिहायलाच हवं.

टेम्सकाठ
शनिवारी जातोय, चुंबक आणि टॉर्च घेऊन. सिल नीट निघाले तर गाडी घेईन. पण मग तिला काळे बंपर परत लावणार, हे आत्ताच सांगतो.

चौथा_गिअर
मला ते बघवणार नाही. पण माझ्या गाडीचे काढलेले दोन्ही बंपर गॅरेजमध्ये आहेत, आतल्या लोखंडासकट, कुठेही चीर नाही. रविवारी या आणि घेऊन जा. पैसे नकोत.