पोर्तुगालच्या जर्सीवरचा लाल क्रॉस: नुसता लोगो की अजून काही?

किल्लेवेडा
मागच्या रविवारी भाच्याला घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. भाचा नववीत, रोनाल्डोचा भक्त, त्यामुळे अंगात पोर्तुगालची जर्सी. बालेकिल्ल्याच्या दरवाजाशी पोचलो तर वर दगडात पोर्तुगालचं राजचिन्ह, एका बाजूला तो कड्यांचा गोल (ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं जुनं यंत्र) आणि दुसऱ्या बाजूला क्रॉस. भाचा वर बघतो, मग छातीकडे बघतो आणि म्हणतो, मामा, हा सेम आहे!

आणि खरंच सेम आहे राव. घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो. हा क्रॉस ऑर्डर ऑफ क्राइस्टचा, म्हणजे लढणाऱ्या साधूंच्या एका संघटनेचा. पोपने १३१२ मध्ये टेम्पलर नाइट्सना (लढणाऱ्या साधूंचीच आधीची संघटना) बरखास्त केलं, पोर्तुगालचा राजा दिनिश याने १३१९ मध्ये पोपकडून नवीन नावाची परवानगी आणली आणि तीच मंडळी, तेच किल्ले, तोच लाल क्रॉस घेऊन दुकान पुन्हा सुरू. पुढे प्रिन्स हेन्री १४२० पासून या ऑर्डरचा कारभारी झाला आणि ऑर्डरचा पैसा आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजांत गेला.

पण मला खरा धक्का बसला तो १४५६ चा. त्या वर्षी पोपने ऑर्डरला आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट 'इंडियन्सपर्यंत'च्या मुलखावर धर्माधिकार देऊन टाकला. १४५६! वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. म्हणजे बेचाळीस वर्षं आधी आपण कुणाच्या तरी खात्यावर चढलो होतो आणि इकडे कुणाला पत्ताच नाही.

आता माझा मुद्दा. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, त्यांनी ही ऑर्डर रद्द केली. शाब्बास. आणि १९१८ मध्ये परत चालू केली! आज राष्ट्रपती तिचे प्रमुख आहेत आणि वकिलातीतल्या लोकांच्या, न्यायाधीशांच्या छातीवर तोच क्रॉस लावतात. मला हा ढोंगीपणा वाटतो. ज्या चिन्हाखाली तुम्ही गुलाम धरले, देवळं पाडली, ते तुम्ही 'विशिष्ट सेवा' म्हणून कसं काय वाटता? तुम्हाला काय वाटतं? भाच्याने ती जर्सी घालू नये असा माझा आग्रह आहे, त्याबद्दल पण बोला, तो वाचणार आहे.

दप्तरी
धागा आवडला पण सुरुवातच चुकली आहे म्हणून आधी ते. 'तेच दुकान नवीन पाटी' हे सगळीकडे छापलेलं असतं, टीव्हीवरच्या खजिनाशोधकांनी तर त्याचा चोथा केलाय. टेम्पलरची मालमत्ता गेली हे खरं, बरीच माणसंही गेली असतील. पण नियम स्पेनमधल्या कालात्राव्हाच्या ऑर्डरचे लावले, देखरेख आल्कोबासाच्या मठाधिपतीकडे दिली आणि पहिला प्रमुख जो आणला तो टेम्पलर नव्हताच, आव्हिश नावाच्या दुसऱ्याच ऑर्डरमधून उचलून आणला. मुख्यालय पण तोमारच्या जुन्या टेम्पलर किल्ल्यात नाही, आधी खाली दक्षिणेला काश्त्रु मारिंमला, मूरांच्या, म्हणजे तिकडच्या मुसलमानांच्या, सरहद्दीवर. तोमारला आले ते १३५७ मध्ये.

आणि दिनिशने हे सगळं भक्तिभावाने केलं असं समजू नका. पोपने बाकी युरोपात टेम्पलरच्या जमिनी हॉस्पिटलर नाइट्सना द्यायला सांगितल्या होत्या. आपल्या राज्यातल्या एवढ्या जमिनी परक्या संघटनेच्या घशात कोण जाऊ देईल? त्याने सात वर्षं पत्रव्यवहार केला आणि जमीन घरात ठेवली. जमिनीचा दावाच हा, बाकी सगळा शेंदूर.

आता चिन्ह. टेम्पलरचा क्रॉस पूर्ण लाल. ऑर्डर ऑफ क्राइस्टचा लाल क्रॉस, बाहू सरळ, टोकाला रुंद होणारे, आणि त्याच्या पोटात एक बारीक पांढरा क्रॉस. तो पांढरा क्रॉस हाच फरक. 'टेम्पलर निर्दोष होते हे दाखवायला पांढरा रंग' असं बरेच जण सांगतात, गोष्ट म्हणून छान आहे.

मांडवीकाठचो
किल्लेवेडाबाब, तुम्ही एकदा वर्ल्डकपच्या वेळी गोव्यात या. पोर्तुगालची मॅच असली की आमच्या वाड्यावर अर्धे पोर्तुगाल, अर्धे ब्राझील. आता ह्या पोरांना जाऊन विचारा १४५६ चं आज्ञापत्र वाचलंय का. त्यांना तो क्रॉस म्हणजे रोनाल्डो, बास.

कळंगुटला २०२१ च्या डिसेंबरात रोनाल्डोचा पुतळा बसवला तेव्हा पण हेच झालं, काळे झेंडे घेऊन लोक आले, मुक्तिदिनाच्या तोंडावर पोर्तुगीजाचा पुतळा कसा म्हणून. माझे आजोबा ६१ च्या आधी जेलात जाऊन आलेले. ते टीव्हीवर पोर्तुगालची मॅच बघायचे आणि ऑफसाइड दिला की पोर्तुगीज भाषेतच शिव्या घालायचे. माणसाच्या आत दोन्ही असतं हो.

चिन्ह वापरून वापरून झिजतं. आज तो क्रॉस त्यांच्या विमानदलाच्या पंखांवर आहे, मादेइरा बेटाच्या झेंड्यावर आहे, लिस्बनच्या बेलेनेंसेस क्लबच्या बिल्ल्यावर आहे. सगळीकडे धर्मयुद्ध चालू आहे का?

किल्लेवेडा
@दप्तरी, दुरुस्ती मान्य. पण जमिनीसाठी केलं म्हटल्यावर माझा मुद्दा पक्काच झाला की.

@मांडवीकाठचो, झिजतं म्हणता, मग २०१० मध्ये सग्रेश नावाचं त्यांच्या नौदलाचं शिडाचं जहाज गोव्यात आलं तेव्हा स्वातंत्र्यसैनिक का चिडले? शिडांवर हाच क्रॉस, आणि साल कुठलं तर अल्बुकर्कने गोवा घेतल्याला बरोबर पाचशे वर्षं झालेलं. झिजलं असतं तर कुणी वळून पाहिलं नसतं.

मांडवीकाठचो
ते चिडले ते तारखेवर. क्रॉस तर आमच्या प्रत्येक नाक्यावर उभा आहे, त्याच्यावर कोण चिडतो.

लिस्बनकर_मावशी
मी अकरा वर्षं इथे राहते, तोमारला तीनदा जाऊन आले, पाहुणे आले की नेते. टेकडीवर किल्ला, ११६० चा, टेम्पलरचा मास्टर ग्वालदिम पाइश याने बांधलेला, आणि आत गोल चर्च आहे, शारोला म्हणतात त्याला. सोळा बाजू बाहेरून. असं सांगतात की नाइट घोड्यावर बसूनच प्रार्थना ऐकायचे, मला काही ते खरं वाटत नाही, घोडा आत वळवणार कसा. पण बघण्यासारखी आहे ती पश्चिमेची खिडकी, १५१० नंतरची, राजा मानुएलच्या काळातली. दगडात जहाजाचे दोर, गाठी, साखळ्या, समुद्री शेवाळ, आणि सगळ्यात वर तो क्रॉस. त्या खिडकीखाली मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला एकदम आपल्याकडची मिरी आठवली. ह्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला आपण होतो.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. ढोंगीपणा हा शब्द मला जरा घाईचा वाटतो. ऑर्डर कधीच एक राहिली नाही. १५२९ मध्ये तोमारच्या साधूंना बंद मठात बसवलं, म्हणजे लढणारे वेगळे आणि जपमाळवाले वेगळे. १५५१ मध्ये पोपने तिन्ही ऑर्डरींचं, ख्रिस्त, सांतियागो, आव्हिश, प्रमुखपद राजाच्या गादीलाच जोडलं. १७८९ मध्ये राणी मारिया पहिली हिने नियम बदलून त्याचं सरकारी मानचिन्ह केलं आणि तिन्ही बिल्ल्यांवर वरती येशूचं पवित्र हृदय बसवलं. १८३४ मध्ये मठ गेले. प्रजासत्ताकाने परत आणली तेव्हा ते हृदय काढून टाकलं. म्हणजे त्यांनी विचार न करता उचललं असं नाही, धर्म काढला आणि सेवा ठेवली.

आज ख्रिस्त ऑर्डरची फीत लाल, सरकारी आणि परराष्ट्र सेवेला. आव्हिशची हिरवी, सैन्याला. सांतियागोची जांभळी, साहित्य, विज्ञान, कलेला. तिन्ही रंगांचा एकत्र पट्टा फक्त राष्ट्रपती घालतात. इथल्या शेजाऱ्यांना विचारलं तर निम्म्यांना यातलं काही माहीत नसतं.

खवट_तात्या
धर्म काढला आणि क्रॉस ठेवला म्हणे. म्हणजे मटणातून मटण काढलं आणि रस्सा वाढला, शाकाहारी आहे घ्या.

लिस्बनकर_मावशी
तात्या 😄 पण रस्सा तुम्हीच जास्त ओरपता.

दप्तरी
गामाचा विषय निघाला म्हणून. लोकांना वाटतं गामा ऑर्डर ऑफ क्राइस्टचा नाइट म्हणून निघाला. नाही. तो सांतियागोवाला. ख्रिस्त ऑर्डरमध्ये तो १५०७ मध्ये गेला, भारतातून दोनदा जाऊन आल्यावर. पण १४९७ मध्ये निघताना राजा मानुएलने त्याच्या हातात झेंडा दिला तो ख्रिस्त ऑर्डरचा, रेशमी, इतिहासकार बारुशने त्याचं वर्णन केलंय. मानुएल राजा होण्याआधी, १४८४ पासूनच, या ऑर्डरचा प्रमुख होता. म्हणजे शिडावरचा क्रॉस हा अर्धा धर्माचा आणि अर्धा मालकाचा शिक्का. वसईच्या दरवाजावरचा तो कड्यांचा गोल पण मानुएलचंच खासगी चिन्ह. तिन्ही चिन्हं शेजारी म्हणजे राज्य, राजा आणि ऑर्डर, एका रांगेत सह्या.

आणि तुमच्या १४५६ बद्दल एक. तो धर्माधिकार होता, कोणत्या चर्चवर कुणाची सत्ता याचा. जमीन लिहून दिली असं नाही. त्यामुळे गोवा घेतल्यावर पहिली काही वर्षं इथल्या चर्चचा कारभार कागदोपत्री तोमारच्या व्हिकरकडे, म्हणजे ऑर्डरच्या धर्माधिकाऱ्याकडे होता, १५१४ मध्ये मादेइरातल्या फुंशालला बिशप बसला तेव्हा तिकडे गेला, आणि १५३४ मध्ये गोव्याला स्वतःचा बिशप मंजूर झाला. मादेइरातून गोवा चालवायचा, बोला.

कोकणकन्या
इथे सगळे चिन्हाबद्दल बोलतायत आणि माणसांबद्दल कुणीच नाही म्हणून लिहिते. १४४४ मध्ये लागुशच्या बंदरात २३५ गुलाम उतरवले. प्रिन्स हेन्री घोड्यावर बसून वाटणी बघत होता आणि त्याच्या वाट्याला पाचवा हिस्सा, ४६ माणसं. आया आणि मुलं वेगवेगळ्या ढिगात गेली हे त्यांच्याच बखरकाराने लिहून ठेवलंय, तोही हेन्रीचा स्तुतिपाठक असून. हा माणूस तेव्हा ऑर्डरचा प्रमुख होता. मावशी, हृदय काढलं ते ठीक, पण हे कसं काढणार?

आणि ऑर्डरमध्ये शिरायचं तर पुढे नियम असा आला की तीन पिढ्यांत ज्यू किंवा मुसलमान रक्त नको, आणि आजोबाने हाताने काम करून पोट भरलेलं नको. चौकशी व्हायची, गावात जाऊन साक्षी घ्यायचे.

खवट_तात्या
म्हणजे जात पडताळणी समिती. दाखला किती दिवसांत मिळायचा?

कोकणकन्या
पैसे आणि वशिला असेल तर राजाकडून सूट मिळायची. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल.

दप्तरी
सूट पण आणि उलटं पण. कालिकतचा एक तरुण १५१३ मध्ये लिस्बनला गेला, बाप्तिस्मा घेऊन जुआंव दा क्रूझ झाला आणि त्याला ऑर्डर ऑफ क्राइस्टची दीक्षा मिळाली. सामुरीच्या, म्हणजे कालिकतच्या राजाच्या, नात्यातला म्हणून. तेव्हा रक्ताचे नियम एवढे कडक झाले नव्हते आणि राजाला कालिकतमध्ये आपला माणूस हवा होता. बिल्ला लावून त्याने काय केलं तर घोड्यांचा व्यापार.

मांडवीकाठचो
कोकणकन्याबाय, हेन्रीचं सगळं खरं. मग एक सांगा. आमच्या मारिओ मिरांडांना पोर्तुगालने २००९ मध्ये ह्याच हेन्रीच्या नावाच्या ऑर्डरचं 'कमांडर' पद दिलं. ती ऑर्डर १९६० ची, हेन्री मेल्याला पाचशे वर्षं झाली म्हणून काढलेली, सालाझारच्या काळात, गोवा अजून त्यांच्याकडेच होता तेव्हा. मारिओंनी ते घेतलं. अख्खा गोवा खूश झाला. आता काय म्हणायचं, मारिओंनी गुलामांच्या व्यापाऱ्याचा बिल्ला लावला?

किल्लेवेडा
मारिओंबद्दल मी एक शब्द बोलणार नाही.

मांडवीकाठचो
तेच तर विचारतोय. का नाही बोलणार?

किल्लेवेडा
कारण घेणारा आणि देणारा यात फरक आहे. घेणाऱ्याला त्याच्या चित्रांसाठी मिळालं, त्याने नाव ठेवलं नव्हतं त्या ऑर्डरला. प्रश्न देणाऱ्याला आहे, की तुमच्याकडे दुसरं नाव नव्हतं का. सांतियागोची कलेची होती ना जांभळी, मावशींनी वर लिहिलंय. ती द्यायची.

लिस्बनकर_मावशी
सांतियागो म्हणजे कोण माहितीये ना? स्पेनमध्ये त्याला मूर मारणारा संत म्हणतात, घोड्याच्या पायाखाली मुसलमान असे पुतळे आहेत. 🙂 इथे स्वच्छ नाव शोधायला निघालात तर संध्याकाळ होईल.

कोकणकन्या
होऊ दे की संध्याकाळ. शोधू नये असं का?

दप्तरी
मी मधला म्हणून शिव्या खाणार पण लिहितो. मला त्यांनी क्रॉस ठेवल्याचा राग नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, चर्चच्या घंटा काढून आणल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक अजून टांगलेली आहे आणि कुणाला त्यात काही गैर वाटत नाही. दरवाजावरचा क्रॉस मात्र तिथेच. घंटा वाजते म्हणून नेली, दगड काही कामाचा नाही म्हणून राहिला असेल. मला राग आहे तो याचा की किल्ल्यात या क्रॉसबद्दल साधा एक फलक नाही. पोरगा जर्सी घालून आला म्हणून आपल्याला कळलं.

खवट_तात्या
फलक लावला असता तर त्यावर कुणाचं तरी नाव बदामात कोरलेलं असतं.

किल्लेवेडा
भाच्याने सगळं वाचलं. त्याचं म्हणणं जर्सी तो घालणारच, पण आता विचारलं तर सांगता येईल काय आहे ते. माझं मत बदललेलं नाही, राष्ट्रपतींनी वाटणं थांबवावं. जर्सीचा आग्रह मात्र सोडला.

लिस्बनकर_मावशी
किल्लेवेडा, मत राहू दे तुमचं, एक काम करा. त्या वसईच्या क्रॉसचा जवळून फोटो टाका. आतला बारीक क्रॉस कोरलाय का नुसता भरीव आहे ते बघायचंय, मी इकडे तोमारच्या फोटोशी लावून बघते.

किल्लेवेडा
माझ्या फोटोत काहीच कळत नाहीये, दुपारी बाराला काढलेला, सगळं पांढरं आलंय.

दप्तरी
सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर जा. तिरपा उजेड पडला की कोरलेली रेघ दिसते. आणि पावसाळ्यात जाऊ नका, शेवाळ चढतं.