अनुभव धागा: रोजच्या वापरात इलेक्ट्रिक कार, पुणेकरांनी लिहा

पेठकर
काल लक्ष्मी रोडवर ई-लुना दिसली, मागे भाजीच्या दोन गोण्या बांधलेल्या. बाबांची जुनी लुना एकदम डोळ्यासमोर आली. १९७२ सालचं ते मॉडेल, आमच्याकडे बरंच उशिरा आलं. पेट्रोल संपत आलं की बाबा कॉक फिरवून रिझर्व्हला लावायचे आणि पंप येईपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. आता घरात इलेक्ट्रिक कारचं चाललंय. आई म्हणते घेऊन टाक, बायको विचारते गुहागरला कसं जायचं. शोरूमवाल्यांचं ऐकून झालं, आता रोज चालवणाऱ्यांनी सांगा.

सिंहगडरोडवाला
पार्किंग स्वतःचं आहे का? बाकी सगळं नंतर. मी मीटर रूमपासून वायर ओढून १५ अँपिअरचा पॉइंट घेतला. रात्री लावायची, सकाळी भरलेली. टाटाची पहिली इलेक्ट्रिक नेक्सॉन आहे, ३०.२ युनिटची बॅटरी. कागदावर ३१२ किमी, शहरात एसी लावून दोनशेच्या आसपास धरा. हिंजवडीला जाऊन-येऊन काही काळजी नाही.

वाघोलीहून
सोसायटीने एनओसी दिली नाही, आग लागेल म्हणे. ऑफिसजवळच्या चार्जरवर दिवस काढले. कधी मशीन बंद, कधी तिथे पेट्रोलची गाडी लावलेली. गाडी फार आवडली होती. पण विकली, सीएनजी घेतली. घरी पॉइंट मिळत नसेल तर घेऊ नका, मनापासून सांगते.

सहकारनगर_ताई
@वाघोलीहून अगं, वेगळा मीटर मागायचा ना. महावितरणचा चार्जिंगसाठी वेगळा दर आहे. घरच्या मीटरवर घेतलं की ३०० युनिटच्या पुढे स्लॅब चढतो. आमचं बिल बघून सासूबाईंनी गीझर बंद करायला लावला होता 😀

वाघोलीहून
मीटरचं नाही गं, आमचे सेक्रेटरी ऐकतच नाहीत.

सहकारनगर_ताई
सगळीकडचे सेक्रेटरी एकाच कारखान्यातून येतात का? धीर धर, सभेत विषय घे.

जुना_वाडा
नारायण पेठ. चार्जर लावला की लाल दिवा. वाड्याला अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियनने अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ भरून नवीन अर्थिंग दिलं, मग सुरू झाला. पेठेत राहणाऱ्यांनी गाडी बुक करायच्या आधी हे तपासा.

लोहगाव_टॅक्सी
एअरपोर्ट करतो. आधी सीएनजीच्या रांगेत अर्धी सकाळ जायची. आता जेवायच्या वेळी फास्ट चार्जरला लावतो, ८० टक्क्यांना काढतो. त्यापुढे फार हळू भरते. दिवाळीत सातारा रोडला लोक १०० करत बसतात अन् मागे आमची रांग. हात जोडून सांगतो, नका करू.

घाटमाथा
गुहागरचं विचारलंत म्हणून. छोटी बॅटरी असेल तर वाटेत चार्जिंग लागणारच. ताम्हिणी उतरताना टक्के हलत नाहीत, येताना चढावर भराभर जातात. येताना घाट चढायच्या आधी भरून घ्या. अजून एक, लोणावळ्याला १०० टक्के करून बोरघाट उतरू नका. उतारावर मोटर गाडीचा वेग रोखते आणि ती वीज बॅटरीत परत भरते, त्याला रीजेन म्हणतात. भरलेली बॅटरी रीजेन घेत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो.

सिंहगडरोडवाला
बरोबर. आणि राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला आपल्या गाड्यांना टोलमाफी आहे, फास्टॅगमधून पैसे कापले जातायत का बघत जा.

सहकारनगर_ताई
ताम्हिणी निघालाच आहे तर, माणगावला शाकाहारी जेवण चांगलं कुठे मिळतं? पुढच्या रविवारी निघतोय.

घाटमाथा
डबा न्या ताई. खरंच.

पेठकर
पार्किंग आहे, पण आमचाही वाडाच. @जुना_वाडा, इलेक्ट्रिशियनचा नंबर व्यनि (वैयक्तिक निरोप) कराल का?

जुना_वाडा
केलाय. सकाळीच फोन करा, एक ते चार उचलत नाहीत.