किटी कर्कपॅट्रिकचा पैसा नेमका कुणाचा?

सुलतानबाजार_माहेर विचारते:

प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

माझं आजोळ हैदराबादचं, सुलतान बाजारातलं. तिथली मराठी वस्ती जुनी. माझी आई रस्ता ओलांडून कोठीच्या विमेन्स कॉलेजात शिकायला जायची. हे कॉलेज म्हणजे ब्रिटिशांची जुनी रेसिडेन्सी, निजामाच्या दरबारी असणाऱ्या त्यांच्या वकिलाचा, म्हणजे रेसिडेंटचा, वाडा. समोर प्रचंड खांब, रुंद पायऱ्या, दोन्ही अंगांना सिंह. आई म्हणते की तीन वर्षं त्या पायऱ्या चढलो-उतरलो, पण हा वाडा कुणी आणि कुणासाठी बांधला हे एकाही बाईंनी वर्गात सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात तिला घेऊन गेले होते. इमारतीच्या मागच्या बाजूला, बागेत, त्याच इमारतीची छोटी प्रतिकृती आहे. माणसाच्या उंचीला येईल एवढी, खांबांसकट. आई तिच्याजवळ बराच वेळ उभी राहिली. आमच्या वेळी हिच्यावर झाडोरा माजला होता, म्हणाली. गोष्ट अशी सांगतात की रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकची बायको खैरुन्निसा पडद्यात असायची, तिला पुढचा दर्शनी भाग पाहायला जाता येत नव्हतं, म्हणून त्याने तो तिच्यासाठी छोटा करून मागे बांधला. खरंखोटं देव जाणे, पण आईला ही गोष्ट फार लागली.

घरी आल्यावर मी वाचत बसले आणि त्यांच्या मुलीपाशी अडकले. साहिब बेगम, जन्म १८०२. १८०५ मध्ये तिला आणि थोरल्या भावाला, साहिब आलमला, विलायतेला पाठवलं. तिथे बाप्तिस्मा होऊन ती झाली कॅथरिन अरोरा, घरात किटी. बाप त्याच वर्षी कलकत्त्यात वारला. तिची आई १८१३ मध्ये हैदराबादला वारली, तेव्हा तिशीचीही नव्हती. आणि पुढे १८२४ च्या सुमाराला हीच किटी लंडनमध्ये ५०,००० पौंडांची मालकीण म्हणून ओळखली जाते!

माझा प्रश्न हा: हा पैसा आला कुठून? बापाचा, की आईच्या घरचाही? खैरुन्निसा काही साध्या घरातली नव्हती. आणि तसं असेल, तर हैदराबादला मागे राहिलेल्या किटीच्या आजीच्या, म्हणजे खैरुन्निसाच्या आईच्या, हाताशी म्हातारपणी काहीच का नव्हतं?

---

दस्तऐवज_नाना:

ताई, मी पस्तीस वर्षं दस्त नोंदवण्याच्या कामात काढली, त्यामुळे मृत्युपत्र म्हटलं की माझे कान टवकारतात. कर्कपॅट्रिकचं मृत्युपत्र १८०५ चं. त्यातली खैरुन्निसाबद्दलची ओळ दोनदा वाचावी अशी आहे. मतलब असा: माझ्या दोन मुलांची आई, खैरुन्निसा बेगम, हिला वडिलोपार्जित आणि स्वतःच्या जहागिरी आहेत, शिवाय तिचे दागदागिनेच अर्ध्या लाख रुपयांच्या खाली नाहीत, तेव्हा तिच्यासाठी वेगळी तरतूद करण्याची गरज वाटत नाही. तरी प्रेमाची खूण म्हणून तिला १०,००० हैदराबादी रुपये द्यावेत.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. मुलांच्या वाट्याला आला तो बापाचा पैसा. आईचं ते आईपाशी, हैदराबादेतच राहिलं.

पण माझं लक्ष दुसऱ्याच शब्दावर गेलं. मुलांना तो 'नॅचरल चिल्ड्रन' म्हणतो. इंग्रजी कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ लग्नाबाहेरची मुलं. याने तर इस्लाम स्वीकारून निकाह लावला होता! माझा तर्क सांगतो, पटला तर घ्या. 'माझी औरस मुलं' असं लिहिलं असतं तर विलायतेत कुणीही उठून म्हणाला असता, दाखवा लग्नाचा दाखला. 'नॅचरल' म्हणून, नावानिशी उल्लेख करून दिलं की देणगी पक्की होते, लग्न सिद्ध करत बसावं लागत नाही. मुलांचा पैसा वाचावा म्हणून बापाने कागदावर बायकोचा निकाह सोडून दिला. असे कागद मी आपल्याकडेही पाहिलेत, म्हणून सांगतो, ते लिहिताना माणसाचा हात जड होतो.

---

खर्ड्याची_वाट:

नानांनी कागदाची बाजू सांगितली, मी राजकारणाची थोडी जोडतो. आपण मराठी माणसं या काळाकडे खर्ड्यावरून बघतो. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं आणि निजाम आधार शोधू लागला. १७९८ च्या सप्टेंबरात कर्कपॅट्रिकने त्याच्याशी तह केला, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची पलटण मोडून काढली आणि हैदराबाद कंपनीच्या छत्राखाली आणलं. एवढी कामगिरी पदरात होती म्हणूनच लग्नाचा बभ्रा होऊन चौकशा लागल्या तरी त्याची खुर्ची टिकली.

मुलांना एवढ्या लहानपणी का धाडलं, याचंही कारण कोरडं आहे. १७९१ पासून कंपनीचा हुकूम होता: आई किंवा बाप हिंदुस्थानी असेल तर मुलाला कंपनीच्या मुलकी, लष्करी किंवा आरमारी नोकरीत जागा नाही. या मुलांना इथे भविष्यच नव्हतं. पैसा असला तर विलायतेत मात्र निभाव लागे.

किटीचा लागला. मुलाचं नशीब तेवढं नव्हतं. विल्यम जॉर्ज झालेला साहिब आलम १८१२ मध्ये उकळत्या पाण्याच्या हंड्यात पडला, कायमचा अपंग झाला आणि १८२८ मध्ये गेला.

तो ५०,००० चा आकडा थॉमस कार्लाईल या लेखकाच्या पत्रातला आहे. तेव्हा तो किटीच्या चुलतबहिणीच्या, मिसेस बुलरच्या, मुलांचा शिक्षक होता. पत्र लिहिलं होतं जेन वेल्शला, जिच्याशी त्याचं पुढे लग्न झालं. किटी किती गोड, किती साधी, एवढ्या पैशाची धनीण असूनही किती नम्र, असं मोकळेपणी लिहून बसला. जेनला ते झोंबलं. तिने किटीचं 'हिंदू राजकन्या' करून टाकलं. सय्यदांच्या घरातली मुलगी, चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेली, आणि नाव पडतं 'हिंदू राजकन्या'. मला यातच तिचं सगळं विलायती आयुष्य दिसतं. पैशाने तिला दिवाणखान्यात जागा दिली, पण ती कोण हे तिथल्या कुणाला नीट कळत नव्हतं.

---

सुलतानबाजार_माहेर:

नाना, तुमची 'नॅचरल'ची गोष्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि त्या बाईला हे कुणी वाचून दाखवलं असेल?"

आजीचं कुणी सांगाल का?

---

शाईदौत:

मी सांगते. मला या सगळ्यात आजीच, शरफुन्निसा, सगळ्यात जवळची वाटते. नवरा आधीच गेलेला, मुलगी डोळ्यांदेखत गेली, दोन्ही नातवंडं समुद्रापलीकडे. जहागिरी होत्या, पण दरबारातलं वारं फिरलं की जहागीर फिरते. म्हातारपणी तिच्या जहागिरी काढून घेतल्या गेल्या. नानांनी सांगितलेलं ते "तिला पुरेसं आहे" इथे विरघळून गेलं. ही इस्टेट दरबाराच्या मर्जीवर होती, किटीची पौंडात होती. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तरी यात दिसतं.

१८४१ मध्ये आजी-नातीचा पत्रव्यवहार सुरू झाला. म्हणजे ताटातुटीला छत्तीस वर्षं झाली होती! किटी तेव्हा कॅप्टन फिलिप्सची बायको, लेकुरवाळी. आजी फारसीत सांगून लिहवून घेई, नात इंग्रजीत लिही, मधे भाषांतर. दोघींना एकमेकींची पत्रं दिसत, वाचता येत नसत.

किटी आजीला काय लिहिते बघा. मला घराचा व्हरांडा आठवतो. शिंपी बसून शिवायचे ती जागा आठवते. गच्चीवर एका ठिकाणी आई मला घसरू द्यायची, ते आठवतं. तीन वर्षांच्या मुलीला एवढंच उरलं होतं, आणि ते तिने चाळिशीपर्यंत सांभाळलं. पुढे लिहिते की स्वप्नात आई भेटते तेव्हा आनंदाने जाग येते, नाहीतर वाईट याचं वाटतं की मी बोलते ते इंग्रजी तिला कळत नाही. निघताना आई कुठे बसली होती, कशी केस ओढून रडत होती, हे डोळ्यांसमोर आहे. त्या केसांची एक बट मिळाली तर वाटेल ते देईन.

आजीने लेकीचे केस जपून ठेवले होते. तिने ते पाठवले.

१८४७ मध्ये आजी गेली. दोघींची भेट झालीच नाही.

(एक राहिलं. मुलं निघताना मद्रासला जॉर्ज चिनरीने त्यांचं चित्र काढलं होतं. हैदराबादी जरीचे पोशाख, गळ्यात मोती, पायऱ्यांवर उभी दोघं. मुलगी दमलेली दिसते, डोळे रडून सुजल्यासारखे. ते चित्र गेलं हेन्री रसेलकडे, बापाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे. याच रसेलने खैरुन्निसाला वैधव्यात आधी जवळ केलं आणि मग मछलीपट्टणला एकटी सोडून दिलं. किटीने बर्कशायरमध्ये त्याच्या घरात ते चित्र पाहिलं आणि तिला रडू आवरलं नाही. रसेलच्या मृत्यूनंतर ते तिच्याकडे आलं. त्याच्याबद्दल मला याहून जास्त लिहवत नाही.)

---

दस्तऐवज_नाना:

शाईदौत, दोघींच्या इस्टेटीतला फरक तुम्ही माझ्यापेक्षा नेमका पकडलात. मी मृत्युपत्रापाशीच थांबलो होतो.

ताई, तुमच्या मातोश्रींसाठी आणखी एक. रेसिडेन्सीचा खर्च निजामाने केला. सांगतात की कर्कपॅट्रिकने भला मोठा नकाशा मांडला तेव्हा निजामाने साफ नकार दिला. मग दरबारातल्या जाणत्यांनी कर्कपॅट्रिकला समजावलं की एवढ्या मोठ्या कागदावर हुजूरांनी फक्त आपल्या राज्याचा नकाशा पाहिलाय, त्यांना वाटलं तुम्ही राज्यच मागताय. तोच आराखडा छोट्या कार्डावर काढून नेला, लगेच मंजूर.

---

सुलतानबाजार_माहेर:

नकाशाची गोष्ट ऐकून आई पोटभर हसली. मग 'गच्चीवर घसरू द्यायची' हे तिने मला तीनदा वाचायला लावलं. कुठली गच्ची, विचारत होती. आमच्या इमारतीला तर तसा उतार कुठे नाही, म्हणे. मी सांगितलं की ती जनान्याची, रंगमहालाची गच्ची असणार, आणि रंगमहाल इंग्रजांनीच पुढे पाडला, आता त्याचा फक्त दरवाजा उभा आहे.

"त्या दरवाज्यापाशी आम्ही डबा खायचो," म्हणाली. "तिथे सावली असायची."

थंडीत पुन्हा नेणार आहे तिला. पायऱ्या नको म्हणालीये, गुडघे दुखतात. मागच्या बाजूने जाऊ.