रोल केलेल्या फिलेटची फटीग मर्यादा गणिताने कशी काढावी? (क्रँकशाफ्ट) – मदत हवी आहे

नमस्कार,

डिझेल इंजिनाच्या घडीव पोलादी क्रँकशाफ्टची फटीग मर्यादा (कितीही भारचक्रे झाली तरी न तुटता सोसता येणारे कमाल प्रतिबल, म्हणजे स्ट्रेस) चाचणीआधीच गणिताने वर्तवण्याचे काम माझ्याकडे आहे. क्रँकपिन आणि वेब यांच्या सांध्यावरचा फिलेट (गोलाई दिलेला आतला कोपरा) हीच तुटण्याची नेहमीची जागा असल्यामुळे तूर्त फक्त तिथल्या वाकवणाऱ्या भाराचा विचार केला असून पीळ बाजूला ठेवला आहे.

पोलादाची टेन्साइल स्ट्रेंग्थ 900 मेगापास्कल असल्याने गुळगुळीत नमुन्याची मर्यादा तिच्या निम्मी, म्हणजे 450 धरली. 99 टक्के विश्वासार्हतेचा 0.814 हा गुणक लावल्यावर ती 366 होते आणि पृष्ठभाग व आकारमान यांच्या गुणकांनी आणखी उतरते. लहान त्रिज्येच्या खाचेत प्रतिबलाचे शिखर फार खोल जात नसल्यामुळे खाच-संवेदनशीलता (खाचेमुळे मर्यादा प्रत्यक्षात किती घटते याचे माप) 1 पेक्षा कमी घेतली आहे. रोल न केलेल्या शाफ्टसाठी हे उत्तर चाचणीशी बऱ्यापैकी जुळते.

अडचण येते ती फिलेट रोल केल्यावर, म्हणजे त्यावर कडक रोलर दाबून फिरवल्यावर. रोलिंगमुळे राहिलेले दाबाचे अवशिष्ट प्रतिबल (बाहेरचा भार नसतानाही धातूत उरणारे) मी गुडमन आकृतीत (सरासरी प्रतिबलानुसार किती बदलते प्रतिबल सोसेल ते दाखवणाऱ्या आलेखात) ऋण सरासरी प्रतिबल म्हणून घेतो, पण त्यातून मिळणारी वाढ रेझोनन्स चाचणीत (शाफ्टला त्याच्या नैसर्गिक कंप्रतेजवळ कंपवून घेतलेल्या) दिसणाऱ्या वाढीपेक्षा पुष्कळच कमी भरते. चाचणीत टिकलेला एक शाफ्ट कापून पाहिला, तेव्हा फिलेटच्या मुळाशी बारीक भेग होती. ती थोडी आत शिरून दाबाच्या थरातच थांबली होती आणि शाफ्टची कंप्रता जवळजवळ बदललेली नव्हती. म्हणजे माझे गणित भेग सुरू होण्याचे आणि चाचणी मोजते ती भेग पुढे वाढण्याची मर्यादा, असे माझे मत झाले आहे.

तसे असेल तर प्रत्येक खोलीवर भेगेच्या टोकाशी प्रत्यक्ष परिणामकारक ठरणारी स्ट्रेस इंटेन्सिटीची (भेगेच्या टोकाजवळच्या प्रतिबलाच्या तीव्रतेची) व्याप्ती काढून ती थ्रेशोल्डशी (जिच्याखाली भेग वाढत नाही त्या व्याप्तीशी) ताडून पाहणे योग्य ठरेल का? लांब भेगेचा थ्रेशोल्ड इथे वापरला तर उत्तर धोकादायक बाजूला झुकेल, अशी मला भीती वाटते. लहान भेगांसाठी आपण कोणती दुरुस्ती वापरता? शिवाय क्ष-किरण विवर्तनाने खोलीनुसार मोजताना थर काढला की उरलेले प्रतिबल नव्याने वाटले जाते, आणि इतक्या वक्र पृष्ठभागावर ती दुरुस्ती कितपत विश्वसनीय मानावी, हेही मला ठरवता येत नाही. सुरुवातीच्या मोठ्या भारचक्रांत हे प्रतिबल किती सैल पडते, हे कुणी रोल केलेल्या फिलेटवर मोजले असल्यास कृपया मोजण्याच्या पद्धतीसह लिहावे.