जेएफके ते चांगी: हिशेबाने १७ तास, तिकिटावर पावणेएकोणीस?

रेखांश
न्यूयॉर्कचा जेएफके ते सिंगापूरचा चांगी, या दोन विमानतळांतलं अंतर साइट्सवर साधारण १५,३४० किमी दिसतं. ताशी ९०० किमीने भागलं की १७ तास. विनाथांबा तिकिटावर मात्र पावणेएकोणीसच्या आसपास असतात. शिवाय एक्सेलमध्ये अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र मांडलं तर अंतर भलतंच येतंय. गफलत कुठे?

गेट_ते_गेट
आधी एक्सेल. त्याला कोन रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात, अंश थेट टाकून चालत नाही. दुसरं, पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह हमखास राहून जातं. अक्षांश, रेखांश या क्रमाने जेएफके ४०.६४, −७३.७८, चांगी १.३६, १०३.९९. रेखांशांतला फरक १७७.७७. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.०१५५. त्यात दोन्ही कोसाइन आणि फरकाची कोसाइन यांचा गुणाकार, म्हणजे −०.७५८०, मिळवा. −०.७४२५ ची व्यस्त कोसाइन १३७.९५ अंश. दर अंशाला १११.२ किमी धरा, १५,३४० येतातच.

हे झालं ग्रेट सर्कल अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं. ती रेषा उत्तर ध्रुवापासून तीनशे किमीच्या आतून जाते. विमान रोज तिच्यावरूनच नेतील असं नाही. प्रत्यक्ष मार्ग १६,५०० किमी आणि जमिनीच्या हिशेबाने, म्हणजे वाऱ्याचा परिणाम धरून, सरासरी वेग ताशी ९२० धरला तर १७ तास ५६ मिनिटं. चढण-उतरणीत वेग कमी असतो, त्याची २० मिनिटं. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची, म्हणून टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर गेट ते धावपट्टी चालतं त्याची, ३० मिनिटं. झाले की पावणेएकोणीस!

टेलविंड
वरच्या हिशेबात वाऱ्याचा भाग मोठा आहे. जेटस्ट्रीम, म्हणजे खूप उंचीवरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून अटलांटिकवर जाण्या-येण्यात तासभराचा फरक सहज पडतो. या जोडीची गंमत वेगळी. रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचं अंतर, त्यामुळे जाताना अटलांटिक-युरोपवरून आणि येताना पॅसिफिकवरून, दोन्ही वेळा पूर्वेकडेच तोंड करून उडता येतं. म्हणून वेळेत फारसा फरक दिसत नाही.

ध्रुवाकडून जायचं तर इंधनाचं तापमान सांभाळावं लागतं. अमेरिकेत मिळणाऱ्या जेट ए या विमान-इंधनाचा गोठणबिंदू −४० अंश, इतरत्रच्या जेट ए-१ चा −४७. टाकीतलं तापमान त्याच्या ३ अंश जवळ येण्याआधीच वैमानिक खाली उतरतो, वेग वाढवतो किंवा मार्ग बदलतो. देशांच्या हवाई हद्दी बंद झाल्या तर गणितच पालटतं: २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो साडेनऊवरून सुमारे १३ तासांवर गेलं.

रेखांश
आणि पोहोचण्याची तारीख दोन दिवस पुढची कशी?

गेट_ते_गेट
तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या. उन्हाळ्यात सिंगापूर १२ तास पुढे, हिवाळ्यात १३. समजा सोमवारी रात्री २२:३० ला निघालात. १८ तास ४० मिनिटांनी न्यूयॉर्कमध्ये मंगळवारचे १७:१० वाजलेले असतील. उन्हाळा असेल तर त्यात १२ मिळवा: बुधवार, पहाटे ०५:१०.