पाळी अजून येतेय, तरी हे सगळं रजोनिवृत्तीचंच का?

रानजाई:
वय ४६. वर्षभर पाळीचा काही नेम राहिलेला नाही. कधी २२ दिवसांत येते, कधी थेट अडीच महिन्यांनी, आणि आली की तासातासाला पॅड बदलावं लागतं. पहाटे तीनला जाग येते, छातीतून मानेपर्यंत गरम वाफ चढते, उशीचा अभ्रा ओला होतो. उशी उलटी करून पडते, पण पुन्हा डोळा लागत नाही. परवा ओल्या टॉवेलवरून मुलीवर इतकी ओरडले की नंतर मलाच रडू आलं. आई म्हणते, सगळ्या बायकांना होतं. रक्त तपासलं तर नक्की काय ते कळेल का?

अबोली:
अगं, तुझं वाचताना माझीच तीन वर्षं डोळ्यांसमोरून गेली. पाळी सलग १२ महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणतात, म्हणजे ते मागाहूनच कळतं. तू बहुतेक त्याआधीच्या टप्प्यात आहेस, आणि तो काही वर्षं चालू शकतो. मला वाटायचं, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन हळूहळू कमी होत जात असेल. तसं नसतं. ते मध्येच खूप वाढतं, मध्येच कोसळतं. ज्या महिन्यात बीज सुटत नाही त्या महिन्यात अस्तर आटोक्यात ठेवणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, पुरेसं बनत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि मग एकदम खूप जातं. वाफांचं म्हणशील, तर मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र या काळात हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम फोडून गार करायला लागतं.

पंचेचाळिशीनंतर फक्त एवढ्यासाठी रक्तातलं एफएसएच, म्हणजे बीजकोशांना चालना देणारं हार्मोन, तपासायची सहसा गरज नसते, तो आकडा महिन्यागणिक बदलतो. पण हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घे. तासाला पॅड हे मात्र अंगावर काढू नकोस, कळकळीने सांगते. मी काढलं. जिना चढताना धाप लागायची, वयाच्या नावावर ढकलत राहिले, आणि हिमोग्लोबिन निघालं ७.८. जास्त जाण्यामागे गर्भाशयातल्या गाठीही असू शकतात, सोनोग्राफीत कळतं.

मृण्मयी:
अबोलीताईंशी सहमत. एक राहिलं: पाळी लांबली तर गरोदरपणाची तपासणी आधी कर. बीज अधूनमधून सुटतं, त्यामुळे दिवस राहू शकतात. वाफा असह्य झाल्या तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणी बोल. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल तर ते आधी सांग, तेव्हा सहसा हार्मोन देत नाहीत. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

रानजाई:
दोघींचे मनापासून आभार. उद्याची वेळ घेतली आहे. कॅलेंडरवर मागच्या सहा महिन्यांच्या तारखा आठवून लाल पेनाने खुणा केल्या, सोबत नेते. मुलीलाही सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, रात्री माझ्या उशाशी एक कोरडा अभ्रा घडी करून ठेवला. एकच विचारते, वर्षभर पाळी बंद राहिली आणि मग डाग दिसला तर?

अबोली:
एक थेंब दिसला तरी लगेच दाखवायचं. बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण ते तपासल्यावरच म्हणायचं.