साफसफाईनंतर मॉनिटरवर 'नो सिग्नल', पंखे मात्र फिरतायत

ताम्हण_७७
मंडळी जरा मदत करा, कालपासून काही सुचत नाहीये. पीसीचं कॅबिनेट उघडून आतली धूळ काढली, ब्लोअर मारला, ग्राफिक्स कार्ड आणि दोन्ही रॅम काढून परत बसवल्या, आणि तेव्हापासून मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतंय. पाच-सहा सेकंद ती पट्टी दिसते मग स्क्रीन काळी. कॅबिनेटचे पंखे फिरतात, कार्डाचेपण फिरतात. डिस्प्लेपोर्टची केबल आहे, दुसरी लावून बघितली, तेच. मॉनिटर लॅपटॉपला एचडीएमआयने जोडला तर झकास चालतोय त्यामुळे तो बिघडलेला नाही हे नक्की. मग कार्डच गेलं म्हणायचं का? कार्ड काढताना जरा जोर लावावा लागला होता, तेव्हापासून मनात तीच धाकधूक आहे.

सोल्डर_काका
कार्ड गेलं असं एवढ्यात धरून चालू नका. आधी एक बघा, केबल कार्डाच्या पोर्टात लावलीये ना? कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी जे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे (म्हणजे सगळं ज्यावर जोडलेलं असतं त्या मुख्य बोर्डाचे), कार्डाचे त्याच्या खाली आडवे असतात. साफसफाई करून टेबलाखाली वाकून घाईत लावताना वरच्यात लागते, हे मी किती वेळा बघितलंय. आणि प्रोसेसर इंटेलचा एफवाला, म्हणजे मॉडेल नंबरच्या शेवटी एफ असलेला, असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, मग मदरबोर्डच्या पोर्टातून कधीच काही दिसणार नाही. कार्डाला वेगळी पॉवर केबल लागत असेल तर तीपण तपासा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनचा एक कनेक्टर १५० वॅट देतो, तो सैल राहिला तर पंखे फिरूनही कार्ड काम करेलच असं नाही.

ताम्हण_७७
काका, केबल कार्डातच आहे. पॉवरचा ८ पिनवाला काढून परत दाबून लावला, काही फरक नाही.

रात्रपाळी
मॉनिटर, केबल, कार्ड यांच्या मागे लागण्याआधी पीसी मुळात चालू होतोय का ते बघा. पंखे फिरणं म्हणजे फक्त सप्लाय पोचतोय, एवढंच. कीबोर्डवर नम लॉक दाबा, लाइट चालू-बंद होतोय का? होत असेल तर पीसी बूट झालाय आणि चित्र पोचत नाहीये, भानगड पुढे आहे. नसेल होत तर बूटच अडकलंय आणि मॉनिटर बिचारा खरं तेच सांगतोय. दुसरं म्हणजे मदरबोर्डवर बारीक अक्षरात सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असं लिहिलेले चार लाइट असतात, सगळ्या बोर्डांवर नसतात पण असतील तर कुठला पेटून राहतोय ते सांगा.

ताम्हण_७७
नम लॉक ढिम्म, अजिबात पेटत नाही. आणि हो, चार लाइट आहेत, इतके दिवस लक्षच गेलं नव्हतं. डीरॅमवाला पेटून राहिलाय, पिवळा.

रात्रपाळी
मग कार्डाची काळजी तूर्तास सोडा, रॅम नीट बसलेली नाही. पीसी बंद करा, मेनची वायर काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल, हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा आणि मग रॅमला हात घाला. आधी एकच रॅम लावून बघा, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. मुख्य म्हणजे बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, तो 'कट्' करून बसला की आपल्याला वाटतं झालं, पण दुसरं टोक, कार्डाजवळचं, एखाद मिलिमीटर वर राहतं. बाजूने टॉर्च मारून बघा, रॅमच्या खालच्या कडेची सोनेरी पट्टी एका टोकाला जास्त दिसत असेल तर तेच. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सारखा दाब द्या. मदरबोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटेल, घाबरू नका, पण खाच जुळलीये का ते आधी बघा, उलटी घालून जोर लावला तर स्लॉट जाईल.

सोल्डर_काका
पट्टी काळवंडलेली असेल तर मऊ खोडरबर हलका फिरवा आणि कण ब्रशने झाडून टाका, ते स्लॉटमध्ये राहिले तर पुन्हा तोच त्रास.

ताम्हण_७७
अगदी बरोबर सांगितलंत!! कार्डाकडचं टोक वर होतं, टॉर्च मारल्यावर स्पष्ट दिसलं, सोनेरी रेघ तिरकी. दोन्ही रॅम बसवल्या, डीरॅमचा लाइट गेला, नम लॉक पेटतोय, विंडोजचा आवाजपण आला. पण मॉनिटरवर अजून 'नो सिग्नल'च!! हे काय आता?

रात्रपाळी
तुम्ही मॉनिटर लॅपटॉपला एचडीएमआयने लावला होतात ना? ती पट्टी येते त्यात काय लिहिलंय वाचा. मॉनिटर अजून एचडीएमआयवरच सिग्नल शोधत बसला असणार, आपोआप इनपुट बदलणं सगळ्या मॉनिटरांना जमत नाही, काहींमध्ये ते बंद करून ठेवलेलं असतं. खालच्या बटणाने मेनू उघडा, इनपुट सोर्समध्ये डिस्प्लेपोर्ट निवडा.

ताम्हण_७७
आलं!!! पट्टीत सरळ 'एचडीएमआय १' लिहिलं होतं, दोन दिवस डोळ्यांसमोर होतं आणि मी फक्त 'नो सिग्नल' वाचत होतो. रात्रपाळी, काका, खरंच मनापासून आभार, उद्या कार्ड दुरुस्तीला द्यायला निघालो होतो. एक राहिलं, माउस जरा अडखळल्यासारखा सरकतोय, आधी असं नव्हतं. केबल यावेळी कार्डाच्या दुसऱ्या डिस्प्लेपोर्टात लावलीये, त्याने होत असेल का?

सोल्डर_काका
होऊ शकतं, पोर्ट बदलला की विंडोज कधीकधी तो नवीन मॉनिटर धरतं आणि रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) ६० हर्ट्झवर येतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे १४४ की जो काय तुमच्या मॉनिटरचा असेल तो निवडा. आणि डिस्प्लेपोर्टची केबल पुन्हा कधी काढाल तेव्हा वरचा खटका दाबूनच काढा, ओढू नका.

ताम्हण_७७
६०च होता. १४४ केला, आता लोण्यासारखं चाललंय.